कोकडावाली मॅडम

पान दिसलं की ती उलटं करून बघायची. मग ते मिरचीचं असो, कॉलेजच्या फाटकाजवळच्या जास्वंदीचं असो, नाहीतर भाजीवाल्याच्या टोपलीतल्या पालकाचं. पुढचं बोट पानाखाली घालायचं, हलकेच वर उचलायचं, मान तिरकी करून खाली बघायचं आणि सोडून द्यायचं. एकदा प्राचार्यांच्या टेबलावर कुणीतरी दिलेला पुष्पगुच्छ होता. अर्जावर सही होईपर्यंत हिनं त्यातली सगळी पानं तपासली. प्राचार्यांनी विचारलं, "काही हरवलं का?" तर म्हणाली, "नाही सर, सवय आहे."

"वरून काही कळत नसतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. हे ती पानाबद्दल म्हणायची. माणसांबद्दल ती फारसं काही म्हणायचीच नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या एका सवयीवरून सगळं गाव त्याला ओळखतं आणि बाकीचा माणूस कुणाला माहीत नसतो. आमच्याकडे तिला शिपायापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे 'कोकडावाली मॅडम' म्हणत. कोकडा म्हणजे मिरचीचा रोग. पानं आखडतात, वाटीसारखी वळतात, झाड खुरटं राहतं आणि मिरची धरत नाही. पांढरी माशी तो या झाडावरून त्या झाडावर नेते, आणि माशी बसते पानाच्या खालच्या बाजूला. म्हणून ते पान उलटणं.

मी जालन्याच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत द्यायची आणि जुन्याच खुर्चीत येऊन बसायचं. माझी स्वतःची पीएच.डी. अर्ध्यात राहिली आणि तिचं मला आता वाईटही वाटत नाही. माझ्याच खोलीत, खिडकीकडच्या टेबलावर, ही पीएच.डी. करायला आली. जाफराबादच्या पुढचं एक गाव, घरी मिरचीचं वावर, आणि विषय मिरचीवरचा विषाणू. मी पहिल्या दिवशी म्हणालो, "घरचाच रोग घेऊन आलात की." ती हसली नाही. माझे विनोद तिला दुसऱ्या दिवशी कळत, आणि कळले की ती येऊन सांगायची, "काल तुम्ही म्हणालात ते चांगलं होतं."

तिचं काम मला समजलं ते चहाच्या वेळी, तुकड्यातुकड्यानं. कारण एका बैठकीत सगळं सांगण्याइतकी ताकद तिच्यात दुपारनंतर उरलेली नसायची.

"झाड विषाणूला सहजासहजी घरात घेत नाही, सर. विषाणूचा निरोप पकडतं आणि त्याचे बारीक तुकडे करतं. विषाणूही कमी नाही. तो त्या कापणाऱ्याचाच हात धरतो."

"मग तुम्ही मधे काय करता?"

"एक दुसरा, साधा विषाणू घ्यायचा. त्यात मिरचीच्याच एखाद्या जनुकाचा तुकडा बसवायचा आणि तो रोपात सोडायचा. झाडाला वाटतं, हाही परकाच. ते त्याला कापत सुटतं, आणि त्या भरात स्वतःच्या त्या जनुकाचे निरोपही कापून टाकतं. मग ते जनुक असून बंद. त्याच्यानंतर कोकडा सोडायचा आणि बघायचं. रोग वाढला तर ते जनुक झाडाच्या बाजूचं होतं. घटला तर विषाणूला आत घेणारं तेच."

"आणि बंद पडलं हे कळतं कसं?"

"काही रोपांत पानाचा हिरवेपणा सांभाळणारं जनुक बंद करतात. ती पानं पांढरी पडतात. पांढरं पान दिसलं, की समजायचं आपला हात बसला."

म्हणून सकाळी खोलीत आल्यावर नमस्काराच्या जागी मी विचारायचो, "पांढरं झालं का?" आणि ती म्हणायची, "बघू, उद्या."

यातली मेख अशी, की ही सगळी करामत थंड हवेत चालते. हवा तापली की झाड ऐकत नाही, पानं हिरवीच्या हिरवी राहतात. कॉलेजात एक थंड खोली होती. मी आलो तेव्हापासून ती 'दुरुस्तीला सांगितलंय' या अवस्थेत आहे. राहता राहिली जालन्याची थंडी. ती किती असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळीनंतर रोपं लावायची, नाताळाच्या आसपास बिनसुईची सिरिंज पानाच्या पाठीला दाबून तो विषाणू आत सोडायचा, संक्रांतीला माशी सोडायची, आणि ऊन चढायच्या आत नमुने गोळा करायचे. एवढ्यात झालं तर झालं. नाही झालं तर पुढच्या थंडीपर्यंत बसा.

नेटहाऊस तिच्या वडिलांनी बांधलं. कॉलेजनं सायकल स्टँडमागची जागा दिली आणि शुभेच्छा दिल्या. एका सकाळी टेम्पोतून बांबू आले, जाळीचं भेंडोळं आलं, आणि त्यावर बसून आबा आले. तिचे वडील. उंच, वाळके, पांढरा सदरा, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारे. त्यांनी निळ्या नायलॉनच्या दोरीनं एकेक बांबू आवळून बांधला. माशी आत-बाहेर जाऊ नये म्हणून दोन दारं हवी होती. आबा म्हणाले, "दोन दारं मंदिराला नसतात, मिरचीला करून राह्यलो." पण केली, आणि दोन्ही दारं अशी बसली की मुंगीलाही वळसा पडावा. एक किल्ली लेकीला दिली, एक स्वतःच्या करदोट्याला बांधली. रोपं नुकतीच लावलेली असताना ती आजारी पडली तेव्हा हेच येऊन रोपांना पाणी घालून गेले होते.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिनं घरी कधीच सांगितलं नव्हतं, की ती कोकडा पोसते. घरी एवढंच माहीत, की पोरगी कोकडा जावा म्हणून शिकते आहे. मी एकदा म्हणालो, "सांगून टाका ना." ती बराच वेळ कपाची कड पुसत बसली. मग म्हणाली, "ज्या माशीपायी त्यांनी दोनदा वावर मोडलं, ती माशी मी वांग्याच्या झाडावर वाढवते. काचेच्या नळीनं तोंडानं ओढून घेते आणि मोजून मिरचीवर सोडते. हे आबांना कोणत्या तोंडानं सांगू?"

मी म्हणालो, "ज्या तोंडानं ओढता त्याच."

हा विनोद तिला दुसऱ्या दिवशीही आवडला नाही.

त्या हिवाळ्यात मात्र सगळं जमून आलं. थंडी चांगली पडली. एका सकाळी ती खोलीत आली आणि माझ्या विचारण्याची वाट न बघता म्हणाली, "झालं पांढरं." मला अक्षरशः हाताला धरून नेलं. रोपांच्या शेंड्याची कोवळी पानं दुधात बुडवून काढल्यासारखी पांढरी होती. पलीकडच्या रांगेत कोकडा लागलेली रोपं, पानं वळलेली, आखडलेली, शेतात कुणी बघितली तर कपाळाला हात लावावा अशी. आणि ती त्यांच्याकडे लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरींकडे बघावं तशी बघत होती. तिची मुदतवाढ त्या उन्हाळ्यात संपत होती, फेलोशिप आधीच संपली होती. पण नमुने हातात आले की बाकीचं काम मशीनवरचं. "एवढे नमुने घेतले ना सर, की मी एक आठवडा झोपणार आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघून मला ते पटलं.

नमुने घेताना पान तोडल्या क्षणी गोठवावं लागतं, नाहीतर आतला निरोप विरून जातो. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो आणि तो जालन्यात मिळेना. तो आणायला ती संभाजीनगरला विद्यापीठात गेली. एका दिवसाचं काम, दुसऱ्या सकाळी परत.

त्याच दिवशी आबा हुरडा घेऊन आले.

मला ते दुपारी फाटकाजवळ भेटले. हात कोपरापर्यंत धुतलेले, सदऱ्याच्या बाहीला चुन्याचे डाग, चेहऱ्यावर काम आटोपल्याचं समाधान. मला हुरड्याची पिशवी दिली. म्हणाले, "सर, पोरगी न्हाई का? बरं झालं म्या आल्तो. निम्म्या झाडायवर कोकडा आल्ता. काही तर पार पांढरे पडले होते. तिला टाइम भेटला नसंल. म्या समदे काढले, मागं खड्डा करून पुरले, वरून चुना टाकला. चांगले चांगले ठिवले हायेत बराबर. आता ते वाचतील."

मी पिशवी हातात धरून उभा होतो. ते पुढे म्हणाले, "तिनंच शिकवलंय मला. आधी म्या उपटत नव्हतो, जीव होत न्हाई ना. लावलेलं झाड उपटाव कसं? तं म्हणली, आबा, रोगट दिसलं की दया करायची न्हाई, जल्दी उपटायचं अन् खोल पुरायचं. तवापासून रोज सकाळी तेच करतो. मागच्या साली अर्ध वावर वाचलं तिच्यापायी."

जाफराबादची गाडी लागली होती. ते घाईनं निघाले. चढताना वळून म्हणाले, "हुरडा गरम करून खा." गाडी गेली तरी मी तिथंच उभा होतो. त्या माणसावर चिडायला काही जागाच नव्हती, आणि चिडल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी तिला फोन केला. सांगितलं. पलीकडे कुठल्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता, तो थांबला. मग तिनं विचारलं, "तुम्ही आबांना काही बोललात का?"

"नाही."

"मग बोलू नका, सर. कुणीच बोलू नका."

रोपांची चौकशी तिनं त्यानंतर केली. किती उरली, कुठं पुरली, चुना किती टाकला. या क्रमावरून ती मला पहिल्यांदा कळली असं वाटतं. तोवर आम्ही एका खोलीत कित्येक वर्षं बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेअर जीपमधून उतरली तेव्हा मांडीवर लेकरू घ्यावं तसं ते नायट्रोजनचं भांडं तिनं धरलं होतं. सरळ नेटहाऊसच्या मागं गेली. खुरपं घेऊन खड्डा उकरायला बसली. मीही बसलो. चुन्यानं हाताची आग होत होती. एकेक रोप वर येत होतं, लोळागोळा झालेलं, मुळांना माती, पानं एकमेकांना चिकटलेली. ती प्रत्येक पान सोडवायची, बोटानं पुसायची, उलटं करून बघायची आणि बाजूला ठेवायची. मला माहीत होतं आणि तिला तर माझ्याहून जास्त माहीत होतं, की रात्रभर मातीत पडलेल्या पानात आता वाचण्यासारखं काही नाही. तरी शेवटचं पान होईपर्यंत ती थांबली नाही. मग सगळी रोपं पुन्हा खड्ड्यात ठेवून तिनं वर माती ओढली आणि म्हणाली, "आबांनी खोल पुरलीत. बराबर पुरलीत."

भांडं खोलीत तिच्या टेबलावर राहिलं. त्याच्या तोंडातून पांढरी वाफ येत होती. तिनं फोन लावला. ती आमच्याशी पुस्तकातलं बोलायची, पण घरी फोन लागला की गावाकडचं सुरू व्हायचं.

"आबा, पोचले का नीट? ... हां, पाह्यलं म्या. ... न्हाई न्हाई, चांगलं केलं. ... मलाच टाइम भेटला नव्हता. ... हां, हुरडा खाल्ला सरायनं. ... खाते ना. ... ठिवते."

फोन ठेवून ती डोळे मिटून बसली. ती रडत नव्हती. नुसती बसली होती, खूप चालून आलेलं माणूस पारावर टेकतं तशी. त्या दिवशी मला एवढा थकवा आला, की मी माझे दोन तास घेतलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत भांड्यातली वाफ कमी होत गेली, आणि दोन दिवसांनी ते भांडं रिकामं होतं.

तिच्या पीएच.डी.च्या गाईडांनी तिला बोलावलं, मीही सोबत गेलो. एम.एस्सी.ची मुलं प्रात्यक्षिकाला उभी होती, त्यांच्यासमोरच विचारलं, "रोपं गेली म्हणजे काय? कशी गेली?"

"माझं दुर्लक्ष झालं, सर."

"एक नेटहाऊस सांभाळता येत नाही आणि विषाणूवर काम करायचंय?" ते बरंच बोलले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानंतर बोलायची माझी छाती नव्हती. मुदतवाढीसाठी गाईडांनीच पुन्हा धावपळ केली, हेही सांगायला हवं.

वर्ष गेलं. ते कसं गेलं हे तिलाच माहीत. दिवसा ती एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत उगवणशक्ती तपासायला जायची. ओल्या कागदात बी गुंडाळायचं, उगवलेलं मोजायचं, न उगवलेलं मोजायचं. संध्याकाळी स्कूटीवरून यायची, चेहऱ्यावर लोखंडाच्या कारखान्यांची धूळ. आल्या आल्या बेसिनशी तोंड धुवायची आणि पहिलं वाक्य, "आज थोडं बसते, सर." बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. मी पंखा कमी करायचो. दुसऱ्या एका शहरात चांगली नोकरी निघाली होती, तिला पीएच.डी. पूर्ण हवी होती. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती बातमी तिनं मला पेपरमधल्या हवामानासारखी सांगितली. मीच चिडलो. म्हणालो, "घरी एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाली, "बघू."

दुसरी थंडी आली. यावेळी नोकरीशिवाय ती कुठंही गेली नाही, नायट्रोजनही मीच आणून दिला. हसनाबादला चुलत बहिणीचं लग्न होतं, त्यालाही नाही. आबांकडची किल्ली तिनं परत मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी कारण विचारलं असतं. त्याऐवजी ते आले की ती फाटकापर्यंत धावत जायची आणि त्यांना तिथूनच कँटीनमध्ये न्यायची. आबा करदोट्याच्या किल्लीशी चाळा करत चहा प्यायचे. एकदा ती नोकरीवरून यायची होती तेव्हा मला म्हणाले, "सर, हल्ली मला आत नेत न्हाई. माझ्या हातानं काही बिघडलं का?"

"तसं काही नाही हो आबा. परीक्षेचं टेन्शन आहे तिला."

ते माझ्या चपलांकडे बघत राहिले. म्हणाले, "किल्ली हाये, पर म्या जात न्हाई. तिनं बोलीवल्याबिगर जाव कसं?"

पानं पुन्हा पांढरी झाली. नमुने गोळा झाले. प्रबंध लिहून झाला. तिनं जे जनुक धरलं होतं, ते खरंच विषाणूला आत घेणाऱ्यांपैकी निघालं. ते बंद केल्यावर कोकडा अंगावर आला, पण रोप खुरटलं नाही. "एवढंच?" मी विचारलं. ती म्हणाली, "एवढंच, सर. एवढ्यालाच एवढं लागतं."

मौखिक परीक्षा कॉलेजच्या सभागृहात झाली. तुम्ही अशी परीक्षा बघितली असेल तर तुम्हाला माहीत आहे. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. बाहेरगावचे परीक्षक मधल्या खुर्चीत. मागं नातेवाईक नव्या कपड्यांत, काहीच न कळता अभिमानानं बसलेले. शेवटी अध्यक्ष विचारतात, "सभागृहातून कुणाला प्रश्न?" आणि आधी ठरवून ठेवलेला एक माणूस उठून सोपा प्रश्न विचारतो. ठरवलेला माणूस मी होतो. माझा प्रश्न होता, या संशोधनाचा शेतकऱ्याला काय उपयोग? उत्तरासकट पाठ होता.

गावाकडून जीप भरून माणसं आली होती. आबा माझ्या शेजारी बसले. ती पडद्यावर इंग्रजीत सांगत होती, आबा तिच्याकडे बघत होते. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग नेटहाऊसचं चित्र आलं. निळ्या दोरीच्या गाठी दिसल्या आणि आबांनी मला कोपरानं ढोसलं, "माझीच गाठ हाये." पुढचं चित्र आलं. त्याच गाठींखाली पांढऱ्या पानांची रोपं, ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. त्यापुढे कोकडा लागलेली, तीही तशीच, निगुतीनं मांडलेली. आबा पुढे सरकून बसले.

हलक्या आवाजात म्हणाले, "सर, हे रोगट झाडं तिनं मुद्दाम ठिवले होते का?"

"हो, आबा."

"अन् पांढरे?"

"तेही."

आबांनी पाठ खुर्चीला टेकवली. हात गुडघ्यांवर ठेवून बसले. ती बोलत होती, तक्ते येत होते, जात होते. मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं.

परीक्षकांचे प्रश्न झाले. अध्यक्ष म्हणाले, "सभागृहातून कुणाला प्रश्न?" मी उठायला खुर्चीचा हात धरला आणि शेजारी आबा उभे राहिले.

"मला इचारायचंय."

सभागृहात हसू फुटलं, वडील आहेत म्हणून कौतुकाचं. अध्यक्षांनीही हसून हात केला. आबा या वेळी कुणाच्या चपलांकडे बघत नव्हते.

"मागच्या साली हिवाळ्यात जे झाडं होते, ते याच्यात हायेत का?"

ती माईकमागं उभी होती. तिनं हातातल्या दिव्याचा पडद्यावरचा लाल ठिपका बंद केला. अशा परीक्षेत विचारणारा कुणीही असो, उत्तर 'सर' म्हणूनच द्यायचं असतं. तिनं तेच केलं.

"नाहीत, सर. ती झाडं या प्रबंधात नाहीत."

"कामून न्हाई?"

"एका शेतकऱ्यानं ती उपटली, सर. रोगट झाड दिसलं की उपटून खोल पुरावं, हे त्याला मीच शिकवलं होतं. त्यानं बरोबर केलं."

गाईडांनी मान वर केली. बाहेरगावच्या परीक्षकांना शेजारचे कुणीतरी हळूच भाषांतर करून सांगत होते.

"मंग त्याला सांगितलं का न्हाई?" आबांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "सालभर का न्हाई सांगितलं?"

तिनं माईक बाजूला सरकवला.

"सांगितलं असतं, तर त्यानं परत कुठल्याच झाडाला हात लावला नसता, सर. मग त्याच्या वावरात कोकडा पसरला असता."

आबा म्हणाले, "समजलं," आणि बसले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं, पुसतच राहिले. परीक्षक हिंदीत म्हणाले, "आज का सबसे अच्छा सवाल था." माझा प्रश्न खिशातच राहिला. त्याचं उत्तर देऊन झालं होतं.

निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या, गावाकडचे लाडू वाटले गेले. गाईड तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "मला तरी सांगायचं होतं." ती म्हणाली, "तुम्ही आबांना बोलला असतात, सर." त्यांनी जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "हो, बोललो असतो." ती आबांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जेवून घे," एवढंच म्हणाले. मग तो हात बराच वेळ तिथून काढला नाही.

आता ती इथं नाही. इकडच्या जागा काही भरल्या गेल्या नाहीत, त्या कधी भरतील हे मी तरी सांगू शकत नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. पहिल्या फोनवर म्हणाली, "सर, इथं थंडी फुकट आहे." खिडकीकडच्या टेबलावर आता परीक्षेचे गठ्ठे असतात. नवीन पोरं विचारतात, नेटहाऊस कुणाचं? मी सांगतो, पण पूर्ण सांगायचा कंटाळा येतो. मला तिची आठवण येते. दुपारी चहा आला की जास्त येते.

मागच्या महिन्यात कॉलेजला ती जागा पार्किंगला हवी झाली. आबा बांबू सोडवायला टेम्पो घेऊन आले. कुलूप उघडून पहिल्या दाराशी उभे राहिले. आत धुळीनं भरलेल्या कुंड्या होत्या, आणि कोपऱ्यात फरशीच्या फटीत मिरचीचं एक रोप आपोआप उगवलेलं. पानं वळलेली, शेंडा आखडलेला. कोकडाच. आबा त्याच्यापाशी वाकले. एक पान बोटानं उचलून खालून बघितलं. उपटायला हात पुढे केला आणि मागं घेतला.

"सर, तिला इचारून घ्या एकदा."

"आबा, ही जागाच मोडायचीय आता."

"तरी इचारा."

मी फोटो काढून पाठवला. तिकडे पहाट असावी. आबा हात पाठीमागं बांधून उभे राहिले. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "आबांना म्हणावं, तुम्हाला काय वाटतं?"

आबांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ते खाली बसले, बुंध्याशी दोन बोटं घातली, आणि ते रोप मुळासकट उपटलं.